दीड फूट

बस्त्यावने कबर उघडली सकाळी सात वाजता,
ऊन चढायच्या आत.
मुदत संपली होती. फादरांची चिठ्ठी आली होती पावतीसकट:
हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवावीत,
जागा थोडी, माणसं फार.
मी छत्री धरून उभी.

सांतान निघाला थोडा थोडा.
आधी कवटी, मग मांडीचं हाड,
त्यावर डॉक्टरांनी बसवलेली स्टीलची पट्टी
अजून चकचकीत, चार स्क्रूंसकट.
मग बस्त्याव थांबला.
बाई, म्हणाला, ही बोटं जास्तीची आहेत.
आधीच्याची राहिली असणार.
ऑफिसात जाऊन वही बघून आला, घाम पुसत:
इनास कोलासो.

मला हसू आलं.
कबरीच्या काठावर हसू नये, पण आलं.
एकवीस वर्षं दोघांनी कोर्टनाक्याला तारखा घेतल्या
एका कुंपणासाठी.
एकाच टपरीवर चहा प्यायचे, पाठीला पाठ लावून.
आता इनासची बोटं
सांतानच्या बरगडीत, मातीने चिकटलेली,
जणू अजून खिशातला कागद शोधतायत.

लहानपणी कर्णा म्हणजे मला
वागळे इस्टेटचा भोंगा वाटायचा.
तो वाजला की माणसं डबे घेऊन निघायची,
तसेच मेलेलेही निघतील, ओळीने.
भोंगा बंद पडून जमाना झाला.
तो येईल म्हणतात ढगांवरून, पूर्वेकडून,
म्हणजे पारसिकच्या डोंगरामागून, खाडी ओलांडून.
आमच्या कबरींचे पाय तिकडेच केलेले,
उठल्या उठल्या त्याचं तोंड दिसावं म्हणून.

पण एका खड्ड्यातून दोघं उठणार कसे?
आधी कोण?
सांतान वाट देणार नाही, इनास मागणार नाही.
मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे,
आणि हे दोघं मधोमध उभे,
हद्द नेमकी कुठून धरायची
ते मोजत.

मला मात्र ठाऊक आहे कुठून.
अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यात, रात्री दोन वाजता,
सांतानने तारेचे खांब उपटले
आणि दीड फूट पलीकडे रोवले.
कंदील माझ्या हातात होता.
कोर्टात मी बायबलवर हात ठेवून म्हटलं,
मी लग्न होऊन आले तेव्हापासून खांब तिथेच आहेत.
गळ्यातला क्रूस पदराबाहेर काढून ठेवला होता,
वकिलांनी सांगितलं म्हणून.
निकाल आमच्या बाजूने लागला.
इनासने अपील केलं, आणि तारीख पडायच्या आत गेला.

दर रविवारी उभी राहून म्हणते मी,
तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येईल.
मेलेल्यांचा म्हणताना आवाज नीट असतो.
जिवंतांचा म्हणताना
मी चश्मा पुसते.

दोन्ही वाड्या बिल्डरने घेतल्या, शेजारी शेजारी.
ते दीड फूट आता
पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्याखाली कुठेतरी आहेत,
त्यावर कुणाची तरी लाल गाडी असते.
टॉवरमध्ये मी चौथ्या मजल्यावर,
इनासची रोझिन अकराव्या.
लिफ्टमध्ये भेटलो की ती गुडघ्यांबद्दल बोलते.

ही बोटं कुठे ठेवू? बस्त्यावने विचारलं.
ठेव त्याच पेटीत, म्हटलं.
वेगळी करणारा वेगळा आहे.
त्याने फॉर्म पुढे केला.
मृताशी नातं, या रकान्यात मी पत्नी लिहिलं,
आणि पेन थोडा वेळ तसंच धरून राहिले.
साक्षीदार हा रकाना कुठेच नव्हता.

पारसिकवर ढग होता एक, साधाच, कापसासारखा.
मी त्याच्याकडे दोनदा पाहिलं.

चपलांना माती तशीच घेऊन घरी आले.
लिफ्टमध्ये अकरा दाबलं.
बोटाला सवय नाही, चारही दाबलं गेलं.
चौथ्यावर दार उघडलं.
समोर माझं दार, कुलूप, दुधाची पिशवी.
मी उतरले नाही.
दारही काही केल्या मिटेना.